मुष्टियोद्धे : कालचे टणक, कीं आजचे ?

आमच्या चाळीच्या कट्ट्यावर सायंकाळीं जमणाऱ्या आम्हां पेन्शनरांमध्यें मध्यंतरीं एक वाद उपस्थित झाला, आणि मी मास्तर म्हणून तो मिटविण्याचें काम माझ्या गळ्यांत पडलें. आमच्यांतील एका गृहस्थांचा नातू दोन वर्षांपासून मुष्टियुद्धाच्या वर्गास जातो. सरावांत हनुवटीवर एक ठोसा बसून तो क्षणभर भांबावला, व पुढें तीन दिवस त्याचें डोकें ठणकत होतें. आईचें म्हणणें, मुलानें आतां कांहीं दिवस घरीं बसावें. आजोबांचें म्हणणें अगदीं उलट. "आजच्या पोरांना जरा लागलें कीं डॉक्टर हवा ! पूर्वींचे लढवय्ये उघड्या मुठींनीं पंचाहत्तर पंचाहत्तर फेऱ्या लढत. हातांना गाद्या बांधून बारा फेऱ्या लढणारे हे कसले मुष्टियोद्धे ?" मुलगा बाजूला उभा राहून ऐकत होता. आईच्या शब्दापेक्षां आजोबांचा शब्द त्याच्या मनांत खोल उतरत आहे, हें मला स्पष्ट दिसलें. म्हणूनच हा वाद केवळ करमणुकीचा आहे असें मला वाटलें नाहीं.

मीं स्वतः आयुष्यांत कधीं मुठी आवळलेल्या नाहींत. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास व गणित शिकविलें, एवढेंच माझें भांडवल. तेव्हां इतिहास व गणित हीं दोनच साधनें घेऊन या प्रश्नाकडे पाहावें, असा माझा विचार आहे.

प्रथम त्या पंचाहत्तर फेऱ्या. ती लढत खोटी नाहीं. ८ जुलै १८८९ रोजीं अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यांतील रिचबर्ग या ठिकाणीं जॉन सलिव्हन व जेक किलरेन हे दोघे भर उन्हांत उघड्या मुठींनीं लढले. हेवीवेट गटाच्या अजिंक्यपदासाठीं उघड्या मुठींनीं झालेली ही शेवटची मोठी लढत. ती बरोबर ७५ फेऱ्या व सुमारें २ तास १६ मिनिटें चालली. आतां आजची लढत १२ फेऱ्यांची. ७५ भागिले १२ केलें कीं सव्वासहा येतात, आणि आपण म्हणतों कीं, पूर्वींचा वीर आजच्यापेक्षां सहापट चिवट होता.

पण थांबा. फेरी म्हणजे काय, हें आधीं विचारावयास हवें. एक शेर किती, हें न ठरवितां दोन गांवांतील धान्याचे भाव ताडून पाहणारा व्यापारी जसा फसतो, तसे आपण येथें फसतों. त्या काळीं ज्या नियमांनीं लढती होत, ते नियम लंडन येथें १८३८ सालीं तयार झाले होते व १८५३ सालीं त्यांत सुधारणा झाली होती. त्या नियमांत फेरीला काळाची मर्यादाच नव्हती. दोघांपैकीं एक जण जमिनीवर पडला कीं फेरी संपली ! मग तो ठोशानें पडो, कीं प्रतिस्पर्ध्यानें कमरेच्या वर धरून आपटल्यामुळें पडो. पडल्यावर ३० सेकंद विश्रांति मिळे, आणि पुढील ८ सेकंदांत रिंगणाच्या मध्यावरील रेघेपाशीं स्वतःच्या पायांनीं येऊन उभें राहावें लागे. ठोसा न लागतां मुद्दाम पडणें हा नियमभंग होता खरा, परंतु थकलेला माणूस जरासा धक्का लागतांच खालीं बसून घेई व फुकटची विश्रांति मिळवी. किलरेननें त्या दिवशीं ही युक्ति पुष्कळदां वापरली.

आतां गणित करूं. एकूण मिनिटें १३६. फेऱ्या ७५ असल्यामुळें त्यांच्या मधल्या विश्रांति ७४. प्रत्येक विश्रांति ३८ सेकंदांची धरली तर सुमारें ४७ मिनिटें विश्रांतींतच गेलीं. उरलीं ८९ मिनिटें. तीं ७५ फेऱ्यांत वांटलीं तर सरासरी एक फेरी एक मिनिट व दहाबारा सेकंदांची होते. आजची प्रत्येक फेरी ३ मिनिटांची. अशा बारा म्हणजे ३६ मिनिटें प्रत्यक्ष लढत. म्हणजे सहापट नव्हे, तर अडीचपट. अडीचपट हीहि कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे, हें मी मान्य करतों. सलिव्हनला चव्वेचाळिसाव्या फेरींत वांती झाली, तरी तो पुढें एकतीस फेऱ्या लढला. त्याच्या सहनशक्तीला मी मनापासून नमस्कार करतों. माझें म्हणणें एवढेंच कीं, नमस्कार खऱ्या आंकड्याला करावा.

यापुढची गोष्ट मात्र आजोबांच्या समजुतीच्या अगदीं उलट आहे, आणि ती समजून घेण्यास मलाहि वेळ लागला. उघडी मूठ अधिक भयंकर कीं हातमोजा घातलेली ? कोणीहि म्हणेल, उघडी मूठ. ती दिसते भयंकर, यांत संशय नाहीं. उघड्या मुठीनें कातडें फाटतें, डोळा सुजून मिटतो, रक्त वाहतें. पण आपला स्वतःचा हात पाहा. मनगटापासून बोटांच्या टोंकांपर्यंत त्यांत सत्तावीस लहान लहान हाडें आहेत, आणि मुठीच्या मागचीं जीं लांबट हाडें, तीं पेन्सिलीहून फारशीं जाड नसतात. कवटीचा कपाळाकडील भाग मात्र घुमटासारखा बांधलेला आहे. उघड्या मुठीनें कपाळावर पूर्ण जोरानें प्रहार केला तर कपाळाआधीं मूठ मोडण्याचा संभव अधिक. करंगळीमागचें हाड अशा रीतीनें मोडलें कीं डॉक्टर लोक त्याला आजहि मुष्टियोद्ध्याचाच अस्थिभंग म्हणतात. जुने लढवय्ये आपले हात खारट पाण्यांत बुडवून कातडें निबर करीत, पण हाडांना कांहीं खारवतां येत नाहीं. म्हणून ते जपून मारीत. बरगड्या, पोट, गळा, डोळ्यांखालचा मऊ भाग यांवर त्यांचा रोख असे, आणि डोक्यावर सरसकट वर्षाव करणें त्यांना परवडत नसे. शिवाय ते एकमेकांना धरीत, आपटीत, दम खात फिरत. आपल्याकडील कुस्तींत दोन तुल्यबळ मल्ल खडाखडीला लागले म्हणजे बघणारे कंटाळतात ना, तसे प्रसंग तेथेंहि येत.

१७ एप्रिल १८६० रोजीं इंग्लंडांत फार्नबरो येथें टॉम सेयर्स हा इंग्रज व जॉन हीनन हा अमेरिकन यांच्यांत झालेली लढत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. सेयर्स हा पांच फूट आठ इंचांचा, हीनन सहा फुटांहून उंच व वजनानेंहि पुष्कळ भारी. लढत दोन तासांहून अधिक चालली व शेवटीं गोंधळ माजून अनिर्णित राहिली. ठोसे अडवितां अडवितां सेयर्सचा उजवा हात आरंभींच जवळजवळ निकामी झाला. हीननचे डोळे सुजून त्याला दिसेनासें झालें. दोघांचीहि दशा पाहवत नव्हती. पण ती दशा मुख्यतः हात, डोळे व कातडें यांची होती.

मग हातमोजे आले. सरावासाठीं जाड हातमोजे वापरण्याची कल्पना जॅक ब्रॉटनची. मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम १७४३ सालीं करणारा तो हाच. परंतु प्रत्यक्ष लढतींत हातमोज्यांची सक्ति करणारे नियम १८६७ सालीं क्वीन्सबेरीच्या उमरावाच्या नांवानें प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांति, पडलेल्यानें दहा सेकंदांत उठणें, कुस्तीची पकड बंद : आजचें मुष्टियुद्ध याच नियमांवर उभें आहे. ७ सप्टेंबर १८९२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें याच सलिव्हनला जेम्स कॉर्बेटनें हातमोज्यांच्या लढतींत एकविसाव्या फेरींत पाडलें, आणि उघड्या मुठींचा जमाना संपला.

पाहणाऱ्या सभ्य लोकांना वाटलें कीं, खेळ मवाळ झाला. रक्त कमी दिसूं लागलें, ही गोष्ट खरी. पण श्रोते हो, हातमोजा हा मारणाराच्या हाडांचें रक्षण करतो, खाणाराच्या मेंदूचें नव्हे. मूठ मोडण्याचें भय गेलें, तेव्हां डोकें हेंच मुख्य लक्ष्य झालें. मेंदू हा कवटींत पाण्यासारख्या द्रवांत मऊ गोळ्याप्रमाणें असतो. गडव्यांत पाणी घेऊन गडवा झटकन् फिरवा : गडवा फिरतो, पाणी क्षणभर मागेंच राहतें. हनुवटीवर तिरपा ठोसा बसला कीं डोकें असेंच झटकन् फिरतें, आणि आंतील नाजूक तंतूंना ताण बसतो. बाहेर खरचटलेलेंहि दिसत नाहीं. सरावांत घालतात त्या चामड्याच्या शिरस्त्राणाचीहि हीच गोष्ट. भुवई फुटणें, कान चेंगरणें यांपासून तें वांचवितें, पण गडवा फिरावयाचा तो फिरतोच. आमच्या त्या मुलाच्या डोक्यावर तसलें शिरस्त्राण होतेंच कीं !

तेव्हां जुना लढवय्या अधिक वेळ लढला, आणि नवा लढवय्या कमी वेळांत डोक्यावर अधिक मार खाऊं लागला, असा हा हिशेब आहे. या दोन युगांच्या सांध्यावर कांहीं दुर्दैवी माणसें सांपडलीं. त्यांना हातमोजेहि मिळाले आणि फेऱ्यांना मर्यादाहि मिळाली नाहीं. ६ एप्रिल १८९३ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथेंच अँडी बोवेन व जॅक बर्क यांची लढत झाली. ती ११० फेऱ्या चालली ! आणि या फेऱ्या जुन्या मापाच्या नव्हेत, पुऱ्या तीन तीन मिनिटांच्या. ३३० मिनिटें लढत व १०९ मिनिटें विश्रांति मिळून ७ तास १९ मिनिटें होतात, व इतिहासांत तितकाच काळ नोंदलेला आहे. बर्कच्या हातांचीं हाडें मोडलीं. प्रेक्षक घरीं गेले, कांहीं जागच्या जागीं झोंपले. अखेर दोघेहि पुढें येईनात, तेव्हां पंचानें लढत निकालाविना बंद केली. दोन महिने पुरते लोटले नाहींत तोंच बोवेन पुन्हां रिंगणांत उतरला आणि एका दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं ८५ फेऱ्या लढून विजयी झाला.

चिवटपणाचा याहून मोठा दाखला कोणाला हवा असेल तर माझ्यापाशीं नाहीं. पण या दाखल्याची पुढची ओळहि वाचली पाहिजे. डिसेंबर १८९४ मध्यें त्याच शहरांत किड लाव्हीन याच्याशीं लढतांना अठराव्या फेरींत बोवेन पडला, त्याचें डोकें रिंगणाच्या उघड्या लाकडी तक्तपोशीवर आदळलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मरण पावला. आज रिंगणाच्या फळ्यांवर जाड गादी व तिच्यावर ताणलेलें कापड असतें. आजोबा ज्या गाद्यांना हंसतात, त्यांपैकीं ही एक.

लढतींच्या संख्येविषयीं थोडक्यांत सांगतों. येथें जुन्यांची बाजू भक्कम आहे. हॅरी ग्रेब हा १९१३ पासून १९२६ पर्यंत तेरा वर्षांत सुमारें तीनशें लढती लढला. एकट्या १९१९ सालीं चाळिसांहून अधिक. पुढें एका डोळ्याची दृष्टि गेली, ती गोष्ट लपवून तो लढत राहिला व जगज्जेताहि झाला. १९२६ सालीं शस्त्रक्रियेनंतर तो वारला, तेव्हां त्याचें वय अवघें बत्तीस होतें. उलट आपल्या काळांतील फ्लॉइड मेवेदर हा १९९६ ते २०१७ या एकवीस वर्षांत केवळ पन्नास लढती लढला व सर्व जिंकला. पण येथेंहि एक खोंच आहे. आजचे पुष्कळ धंदेवाईक मुष्टियोद्धे त्याआधीं दहाबारा वर्षें हौशी म्हणून लढलेले असतात, आणि तो हिशेब या पन्नासांत धरीत नाहींत. युक्रेनच्या लोमाचेन्कोच्या हौशी लढतींत ३९६ विजय व १ पराभव अशी नोंद सांगतात. त्या लढती लहान असतात खऱ्या. परंतु त्यांतले ठोसे कांहीं लटके नसतात.

आतां वजन. १९१९ सालीं जॅक डेम्प्सीनें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां तो सुमारें ८५ किलो होता. १९५६ सालीं ४९ पैकीं ४९ लढती जिंकून निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो साधारण तेवढाच. आज हे दोघे हेवीवेट गटांत येणारच नाहींत, त्याच्या खालच्या गटांत, म्हणजे नव्वद किलोंच्या आंतल्या पंक्तींत बसतील. टायसन फ्युरी हा इंग्रज सहा फूट नऊ इंच उंच, आणि २०२० सालच्या लढतींत त्याचें वजन सव्वाशें किलोंच्या जवळ गेलें होतें. एवढ्या देहामागून येणारा ठोसा आणि तो सोसून उभें राहणें, हें सलिव्हनच्या काळांत क्वचितच कोणाच्या वांट्याला आलें असेल. १ डिसेंबर २०१८ रोजीं लॉस अँजेलिस येथें याच फ्युरीला डिऑन्टे वाइल्डरनें बाराव्या फेरींत असा पाडला कीं, तो पाठीवर निश्चल पडलेला पाहून लढत संपली असें सर्वांस वाटलें. पंच आंकडे मोजीत होता. फ्युरी झोंपेंतून जागा झाल्यासारखा उठला, फेरी पुरी केली, आणि लढत बरोबरींत सुटली. आजचीं माणसें मऊ झालीं, असें ज्याला वाटतें, त्यानें हें एकदां पाहावें.

तरी उठण्याच्या बाबतींतहि नियमांकडे बघितल्याशिवाय तुलना करतां येत नाहीं. ४ जुलै १९१९ रोजीं टोलिडो येथें डेम्प्सीनें जेस विलर्डला पहिल्याच फेरींत सात वेळां पाडलें. त्या काळीं पाडणारा पडलेल्याच्या डोक्याशीं उभा राहूं शके. विलर्ड गुडघा जमिनीवरून उचलतो न उचलतो तोंच पुढचा ठोसा येई. तिसऱ्या फेरीनंतर त्यानें लढत सोडली. पुढें पाडणारानें दूरच्या मोकळ्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहावें, त्याशिवाय पंचानें मोजणी सुरू करूं नये, असा नियम झाला. १९२७ सालीं शिकागो येथें जीन टनीला पाडल्यावर हाच डेम्प्सी कोपऱ्यांत जाण्यास विसरला. टनीला कांहीं सेकंद जास्त मिळाले व अखेरीस तोच जिंकला. त्या सेकंदांवरून अमेरिकेंत लोक अजून भांडतात. पण विलर्डच्या वेळीं ते सेकंद कोणालाच मिळत नव्हते, हें मात्र कोणी बोलत नाहीं.

म्हणजे जेथें जेथें आपण दोन काळांतील माणसांची तुलना करूं जातों, तेथें तेथें आपल्या हातीं येते ती बहुधा दोन काळांतील नियमांची तुलना. बोवेन हा ११० फेऱ्या लढला, कारण त्याला कोणी थांबविलें नाहीं. आजचा योद्धा बारा फेऱ्यांवर थांबतो, कारण त्याला थांबविण्यांत येतें. त्याला आणखी शंभर फेऱ्या लढावयास सांगितलें तर त्यांतील कित्येक लढतीलहि, आणि तेंच तर भय आहे. थांबवा, असें म्हणणें या लोकांच्या स्वभावांत नसतें. १८८९ सालीं नव्हतें आणि आजहि नाहीं.

शरीर मात्र सर्व हिशेब ठेवतें. १९२८ सालीं न्यू जर्सींतील हॅरिसन मार्टलंड या वैद्यकतज्ज्ञानें एका वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यानें हें दाखवून दिलें कीं, कित्येक जुने मुष्टियोद्धे मद्यप्याप्रमाणें झोकांड्या खात चालतात, अडखळत बोलतात, त्यांचें डोकें हळूहळू मंद होतें, आणि याचें कारण मद्य नसून ठोसे होत. त्यांत एक गोष्ट त्यानें विशेष नमूद केली : हा विकार ठोसे चुकविणाऱ्या कुशल खेळाडूंपेक्षां, मार खात खात पुढें घुसणाऱ्या लढवय्यांना अधिक होतो. म्हणजे ज्याला आपण टणक म्हणून टाळ्या वाजवितों, नेमक्या त्यालाच ! पुढें १९७३ सालीं इंग्लंडांत कॉर्सेलिस व त्याच्या सहकाऱ्यांनीं पंधरा माजी मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, आणि मार्टलंडच्या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला. ही किंमत सर्वांना सारखीच पडते असें मात्र नाहीं. किलरेन १९३७ सालीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन वारला, सात वेळां पडलेला विलर्ड शहाऐंशीं वर्षें जगला, आणि जॉर्ज फोरमन यानें १९९४ सालीं पंचेचाळिसाव्या वर्षीं पुन्हां जगज्जेतेपद मिळविलें. उलट दोनशें लढती लढलेला शुगर रे रॉबिन्सन, ज्याला पुष्कळ जाणते सर्वश्रेष्ठ मानतात, तो अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशानें ग्रासला गेला व १९८९ सालीं वारला. कोणाला कमी पडेल, कोणाला अधिक, हें आधीं सांगतां येत नाहीं.

बारा फेऱ्यांची मर्यादा कोठून आली, हेंहि सांगितलें पाहिजे. भेकडपणांतून आली नाहीं. पूर्वीं अजिंक्यपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. १३ नोव्हेंबर १९८२ रोजीं लास व्हेगास येथें दक्षिण कोरियाचा किम डुक कू हा रे मॅन्सिनीशीं लढत होता. तेरा फेऱ्या त्यानें मार दिला व त्याहून अधिक घेतला. चौदाव्या फेरीच्या आरंभींच तो पडला. दोरी धरून तो उठला, होय, उठला ! पंचानें लढत थांबविली, त्यानंतर तो बेशुद्ध झाला आणि चार दिवसांनीं रुग्णालयांत मरण पावला. कांहीं महिन्यांतच त्याच्या आईनें जीव दिला; पुढें त्या लढतीच्या पंचानेंहि. त्यानंतर एका जागतिक संस्थेनें ताबडतोब, व इतर संस्थांनीं १९८८ पर्यंत, पंधराच्या बारा फेऱ्या केल्या. कमी झालेल्या या तीन फेऱ्यांच्या मागें एक अख्खें घर गेलेलें आहे.

त्या वेळीं मी नुकताच शाळेंत लागलेला तरुण शिक्षक होतों. मैदानावर हुतूतू खेळतांना एका मुलाचें डोकें दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलें. तो उठला, डोळे चोळले व पुन्हां खेळूं लागला. मीं त्याची पाठ थोपटली व साऱ्या वर्गापुढें त्याचें कौतुक केलें. रात्रीं त्याला वांत्या झाल्या व दवाखान्यांत न्यावें लागलें. तो सुखरूप परतला, म्हणून ही गोष्ट आज मी सांगूं शकतों. परंतु त्या थोपटलेल्या पाठीची आठवण मला अजून बोंचते.

किलरेनच्या लढतीची एक गोष्ट मीं मघाशीं सांगितली नाहीं. ती पंचाहत्तराव्या फेरीनंतर संपली, ती किलरेन पडून राहिला म्हणून नव्हे. तो आणखी लढावयास तयार होता. त्याच्या कोपऱ्यांतील पाठीराखा माइक डोनोवन हा स्वतः नामांकित मुष्टियोद्धा. आपला माणूस आतां मरेल, हें त्यानें ओळखलें, व हातांतील स्पंज रिंगणांत टाकून हार पत्करली. त्या स्पंजामुळेंच किलरेनला पुढचीं अठ्ठेचाळीस वर्षें मिळालीं, असें मी मानतों.

अशा पाठीराख्याला शाबासकी मिळतेच असें नाहीं. २२ फेब्रुवारी २०२० रोजीं फ्युरीशीं झालेल्या दुसऱ्या लढतींत वाइल्डर सातव्या फेरींत निराधार झाला, तेव्हां मार्क ब्रीलंड या त्याच्या पाठीराख्यानें टॉवेल टाकला. ब्रीलंड हा स्वतः ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाचा मानकरी. वाइल्डर मात्र चिडला, शेवटपर्यंत लढून पडूं दिलें असतें तर बरें झालें असतें असें म्हणाला, आणि त्यानें ब्रीलंडला आपल्यापासून दूर केलें.

१ ऑक्टोबर १९७५ हा दिवस मला चांगला आठवतो. मी तेव्हां शाळेंत होतों, आणि मनिला येथें महंमद अली व जो फ्रेझर यांच्यांत झालेल्या तिसऱ्या लढतीची हकीकत वाचनालयांत वर्तमानपत्रासाठीं रांग लावून वाचली होती. सकाळची वेळ, असह्य उकाडा, आणि चौदा फेऱ्या. फ्रेझरच्या डाव्या डोळ्यानें त्याला आधींच नीट दिसत नसे. उजवा आतां सुजून मिटला. म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. एक फेरी उरली होती. फ्रेझर उठूं पाहत होता. त्याच्या पाठीराख्यानें, एडी फच यानें, त्याला खालीं बसविलें, सर्व संपलें, आज तूं येथें जें केलेंस तें कोणी विसरणार नाहीं, अशा अर्थाचें कांहीं तो त्याला बोलला, आणि पंचाला खूण केली. फ्रेझरनें विरोध केला, पण फचनें ऐकलें नाहीं. समोरच्या कोपऱ्यांतला अलीहि जिंकला म्हणून उठून उभा राहिला आणि लगेच खालीं कोसळला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधीं गेलों नव्हतों, असें त्यानें पुढें सांगितलें. अली त्यानंतरहि सहा वर्षें लढत राहिला. त्याला थांबविणारा कोणी भेटला नाहीं, किंवा भेटला त्याचें त्यानें ऐकलें नाहीं. १९८४ सालीं त्याला कंपवाताचा विकार असल्याचें निदान झालें. त्याला ठोसेच कारण होते कीं नाहीं, याविषयीं वैद्यांत एकमत नाहीं. पण ज्याच्या जिभेला जग भीत असे, त्याचा शब्द ऐकूं येईनासा झाला, हें जगानें पाहिलें.

आमच्या कट्ट्यावरील त्या मुलाला शेवटीं आईनें डॉक्टरांकडे नेलें. डोकेंदुखी पूर्ण थांबेपर्यंत सराव बंद, आणि मगहि हळूहळू, असें त्यांनीं बजावलें. त्याच्या उस्तादानेंहि तेंच सांगितलें, व तें ऐकल्यावर मुलाचा चेहरा थोडा निवळला. आजोबा पंचाहत्तर फेऱ्यांची गोष्ट अजून सांगतात. मात्र परवां ते ती नातवाला सांगत असतां मी कट्ट्याजवळून गेलों, तेव्हां डोनोवनच्या स्पंजापर्यंत ते आले होते.